डेसची डावी बाजू

रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी एव्हरिल रडक स्कारविक बंदराच्या दगडी पायऱ्या उतरून समुद्रात शिरली. शेवटच्या पायरीवर तिने पांढरी काठी मागे धरली. कुणीतरी ती घेतली. पाणी छातीला लागल्यावर तिने विचारलं, "डेस, आहेस का?"

"आहे," कयाकच्या चिंचोळ्या होडीतून तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

"मग बोलत राहा. मुका वाटाड्या घेऊन मी काय करू?"

धक्क्यावर बरीच माणसं जमली होती, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी ताकीदच होती. पाण्यात एव्हरिलला फक्त आवाजाचा आधार, आणि टाळ्या-आरोळ्यांत डेसचा आवाज बुडाला असता. म्हणून लोकांनी नुसते हात वर करून हलवले. त्या हातांचा तिला काय उपयोग, हे एकाच्या उशिरा लक्षात आलं. त्याने ओशाळून हात खिशात घातला.

जायचं होतं पेनी कोव्हच्या पुळणीवर. बंदरातून बाहेर पडायचं, किनारा उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला जायचं, ग्रे नॅब नावाच्या कड्याला वळसा घालायचा आणि पलीकडच्या वाळूवर चालत बाहेर यायचं. अंतर दीड मैल. पोहणाऱ्याला ते फार नाही. पण ओहोटी लागली की ग्रे नॅबच्या टोकाशी पाणी किनारा सोडून बाहेर ओढ घेतं, पुराच्या नदीसारखं. भरतीचं पाणी थबकलेलं असतानाच ते टोक मागे टाकायला हवं होतं. उशीर करून चालणार नव्हतं.

स्कारविकमध्ये चांगल्या कामासाठी नुसते पैसे मागत नाहीत. तसं मागणं लोकांना अवघड वाटतं. आधी स्वतःच्या जिवाला काहीतरी जाच करून घ्यायचा आणि मग डबा पुढे करायचा, अशी रीत आहे. मागच्या वर्षी बेकरीवाला दिवसभर थंडगार बीन्सने भरलेल्या टबात बसला होता. एव्हरिलने पोहायचं ठरवलं. दृष्टी जाण्याआधी तीस वर्षं तिने गावच्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवलं होतं. पैसे जाणार होते दृष्टी गमावलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला, आणि संस्थेतून बर्नडेट पाइलच्या पगाराला.

बर्नडेट ना डॉक्टर ना नर्स. "गेलेली नजर परत येणार नाही" असं ऐकून माणूस डोळ्यांच्या दवाखान्यातल्या ज्या बाकावर येऊन बसतो, त्या बाकावर ती त्याच्या शेजारी बसते. काठी कुठे मिळते, चहा ओतताना कप भरल्याचं कसं कळतं, घरी कसं सांगायचं, हे तिला ठाऊक असतं. आठ वर्षांपूर्वी ती एव्हरिलच्या शेजारी बसली होती. तिच्या नोकरीसाठीचा पैसा हिवाळ्यापुढे पुरणार नव्हता. आज ती पेनी कोव्हवर शाळेची जुनी पितळी घंटा घेऊन उभी होती. एव्हरिल कड्याला वळसा घालून आली की तिने घंटा वाजवायची, आणि एव्हरिलने त्या नादावर किनारा गाठायचा.

नियम एकच होता आणि तो एव्हरिलने स्वतः केला होता. होडीला हात लागला की पोहणं संपलं. मग कुणी कितीही समजूत घालो, देणगीचा डबा फिरवायचा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट फक्त डेसला माहीत होती. त्याला डावीकडचं दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोरचं लख्ख दिसे, पेपर वाचता येई, फुटबॉलचा चेंडूही टिपता येई. पण डावीकडची एक पट्टी कुणीतरी हळूहळू कापून नेत होतं. तिथे काळोख नव्हता की धुकं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेलं माणसाला जाणवत नाही. टेबलावरचा कप कलंडायचा. संस्थेची मिनीबस फाटकातून काढताना डावा आरसा खांबावर आपटला, तेव्हा त्याने खांबाला शिव्या घातल्या. त्यांची आई शेवटची काही वर्षं दारांच्या चौकटींवर आपटायची आणि घरात सगळे हसायचे. तो काचबिंदू होता हे कळेपर्यंत आई गेली होती. मग एव्हरिलला झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार भावंडांत उतरतो, भावाने तपासून घ्यावं. तिने डेसच्या मागे लकडा लावला. दोन वर्षांपूर्वी एकदा तो चहाला आला आणि म्हणाला, "तपासलं. ठणठणीत आहे."

तो गेलाच नव्हता. जिल्ह्यातल्या अंध माणसांना दवाखान्यात नेणारी, सहलीला नेणारी मिनीबस तो निवृत्तीनंतर फुकट चालवत होता. डोळ्यांचं निघालं की परवाना जाणार. बस गेली की उरलेल्या डेसचं काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. पोहणं होऊ दे, मग बघू, असं त्याने वसंतात ठरवलं होतं.

"बारावर आहेस," तो म्हणाला. घड्याळाची भाषा त्यांनी आधीच ठरवली होती, नाकासमोर बारा. "तशीच चल. आता जरा एकवर घे. बास."

एव्हरिल संथ, लांब हात मारत होती. डोक्यावर नारिंगी टोपी, अंगात काळा रबरी पोशाख. ती त्याच्या उजव्या बाजूला, किनाऱ्याकडे होती. सरावाच्या पहिल्याच दिवशी त्याने हट्ट धरला होता की तू माझ्या उजवीकडेच पोहायचं. "वारा समुद्राकडून येतो, मी आडोसा करतो," असं कारण दिलं होतं. त्यापायी तिला श्वासाची बाजू बदलावी लागली. आयुष्यभर उजवीकडे तोंड वळवून श्वास घेणारी बाई सदुसष्टाव्या वर्षी डावीकडे श्वास घ्यायला शिकली. पहिले काही आठवडे तिने मणभर खारं पाणी गिळलं आणि तेवढ्याच शिव्या दिल्या.

म्हणजे डेसची डावी बाजू उघड्या समुद्राकडे होती. तिकडे वेळोवेळी मान वळवून बघायचं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. सुरुवातीला त्याने बघितलंही. पण एव्हरिलवर नजर ठेवायची, दिशा सांगायची, कयाक सरळ ठेवायची, यात मान वळवणं मागे पडत गेलं.

बंदराबाहेरचा पिवळा बोया मागे पडल्यावर त्यांनी पहिली विश्रांती घेतली. डेसने लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या जाळीतून तिला गरम पाण्याची बाटली आणि जेलीच्या गोळ्या दिल्या. काठीने दिलेलं नियमात बसत होतं. फक्त होडीला हात लागायला नको होता.

"लाल आहे की हिरवी?" तिने गोळी चघळत विचारलं.

"हिरवी."

"खोटारड्या. लाल आहे. हिरवी साबणासारखी लागते."

"मग विचारतेस कशाला?"

"बघत होते, लक्ष आहे का तुझं." ती पाठीवर तरंगली. "बोया डावीकडून गेला का रे?"

"उजवीकडून. किनाऱ्याच्या बाजूने."

तिने गोळी गालात ढकलली. मग म्हणाली, "बोयाच्या साखळीचा आवाज मला तुझ्या पलीकडून आला."

डेसने मागे वळून पाहिलं. बोया समुद्राच्या बाजूला होता. तो त्याच्या डावीकडून, वल्ह्याच्या लांबीइतक्या अंतरावरून गेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. उजवीकडे मागे दिसलेलं पिवळं काहीतरी कुणाच्या तरी शेवंडांच्या पिंजऱ्याच्या खुणेचं तरंगतं पिंप होतं.

"पाण्यावर आवाज फसवतो," तो म्हणाला.

"मला?" एव्हरिल म्हणाली, पण पुढे काही न बोलता पालथी झाली आणि पोहू लागली.

ग्रे नॅब आता नीट दिसत होता. कड्याच्या माथ्यावर नाविकांच्या खुणेसाठी उभा केलेला पांढरा खांब होता आणि त्याच्या मागे, आत जमिनीवर, चर्चचा मनोरा. लहानपणी बापाने शिकवलेलं डेसला आठवलं. खांब आणि मनोरा एका रेषेत आले की तुम्ही टोकासमोर आलात. मनोरा खांबाआडून बाहेर सरकला की टोक मागे पडलं. अजून दोघांत बरंच अंतर होतं, पण वेळ हातात होता. पाणी काचेसारखं पडलं होतं.

एव्हरिल मधेच थांबली.

"इंजिन," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्या बाजूला. डेस, जवळ आहे."

त्याने डावीकडे पाहिलं. म्हणजे त्याला वाटलं की पाहिलं. सूर्य वर आला होता आणि पाणी चकाकत होतं. "काही नाही. बंदरातला आवाज असेल."

"बंदर मागे आहे. हा आवाज बाजूचा आहे. नीट बघ!"

मग त्याने अख्खं अंग वळवलं, आणि बोट होती. निळ्या बुडाची मासेमारीची कोबल, नाक वर काढून सरळ त्यांच्या अंगावर येत होती. इतकी जवळ की नाकावरचं नाव वाचता येत होतं. सुकाणूपाशी कुणी दिसत नव्हतं.

डेसने शिटी तोंडात घातली आणि छाती फुटेस्तोवर फुंकली. वल्हं डोक्यावर आडवं धरून हलवलं. "थांब! अरे थांब!" बोटीच्या मागच्या भागातून, पिंजऱ्यांच्या ढिगामागून, एक डोकं वर आलं. हात सुकाणूवर पडला. कोबल कलली, गुरगुरली आणि कयाकच्या पुढून निघून गेली. तिने उठवलेली लाट येऊन आदळली. कयाक भोवऱ्यासारखी फिरली, डेसच्या हातातून वल्हं सुटता सुटता राहिलं, आणि तोंडात पाणी गेलं.

सावरल्यावर त्याने उजवीकडे पाहिलं. एव्हरिल नव्हती.

"एव्ही!"

समुद्र रिकामा होता. त्याने पुढे पाहिलं. मागे पाहिलं. "एव्ही! एव्हरिल!" त्याने वल्हं मारून कयाक पुढे काढली, परत थांबवली. टोपी कुठेच दिसेना. कोबल लांब जाऊन थांबली होती. एव्हरिल तिच्याखाली गेली का, हा विचार मनात आला. तो नुसता ओरडत राहिला.

"अरे गाढवा! इथे आहे मी! इथे!"

आवाज डावीकडून आला. त्याने सबंध मान फिरवली. नारिंगी टोपी तिथेच होती, लांब काठीची जाळी पोचेल इतक्या अंतरावर. कयाक फिरल्यामुळे ती त्याच्या दुसऱ्या बाजूला आली होती, एवढंच. त्याने सगळा समुद्र धुंडाळला होता, तेवढी जागा सोडून.

एव्हरिल खोकत होती. खोकला थांबल्यावर ती पाण्यात उभी राहून पाय मारत राहिली.

कोबल मंद गतीने परत आली. विल्फ स्टोनहाउस. डेसबरोबर शाळेत होता आणि तेव्हापासून त्याची थट्टा करत आला होता. आज त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लागलं का कुणाला? बाई ठीक आहे ना?"

"ठीक आहे," एव्हरिल म्हणाली. "विल्फ, तूच का तो? तुला सांगितलं नव्हतं, की आज सकाळी या पट्ट्यात यायचं नाही?"

"सांगितलं होतं गं. चुकलं माझं. पिंजरे उचलायला गेलो, वेळ झाला, खाली वाकून शेवंडं मोजत होतो." मग भीती ओसरल्यावर येतो तसा राग त्याला आला. "पण मी खाली बघत होतो. तू रे डेस? तू तर पहारेकरी ना? गावाच्या सभागृहाएवढी बोट तुला दिसली नाही? झोप लागली होती का?"

"सूर्य डोळ्यांवर होता," डेस म्हणाला.

"सूर्य? अरे, मी ईशान्येकडून आलो. सूर्य पार त्या अंगाला आहे."

डेसने वल्ह्यावरचं पाणी झटकलं.

"विल्फ," एव्हरिल म्हणाली, "जरा लांब हो. इंजिन बंद कर. आम्हा दोघांना बोलायचंय."

"पाणी फिरायला लागलंय, बाई. ओहोटी लागतेय."

"माहीत आहे. लांब हो म्हणते ना."

कोबल सरकली. इंजिन थांबलं. कयाकच्या बुडाला पाण्याची चपचप ऐकू येऊ लागली.

"कयाकचं तोंड माझ्याकडे कर," एव्हरिल म्हणाली.

त्याने केलं.

"आता माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. मी एकेक हात बाजूने पुढे आणणार आहे. दिसला की 'आला' म्हणायचं."

"एव्ही, ही काय वेळ आहे का—"

"माझ्यावर हा खेळ किती वेळा झालाय माहीत आहे तुला. दिवे नाहीत, यंत्र नाही, डॉक्टर नुसते समोर बसायचे आणि हात आणायचे. नाकाकडे बघ."

त्याने तिच्या नाकाकडे पाहिलं. नाक थंडीने लाल झालं होतं. तिचे डोळे त्याच्या कानाच्या जरा वर रोखलेले होते. तो नजर फिरवू शकला असता. तिला कधीच कळलं नसतं. पण गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यालाही जाणून घ्यायचं होतं, आणि त्याने नजर हलवली नाही.

तिचा डावा हात पाण्यातून निघाला. त्याच्या उजवीकडे, अगदी कडेला, बोटं हलली. "आला," तो लगेच म्हणाला.

"छान. आता दुसरा."

तो वाट बघत राहिला. लाल नाक, ओलं कपाळ, टोपीची कड. डावीकडे काही नव्हतं. लाट आली आणि गेली. तिने हात केव्हाच उचलला असणार, आता तो अर्ध्यात आला असणार, अजून बोललो नाही तर तिला कळणार, असं त्याच्या मनात आलं. नजर प्रामाणिक ठेवून त्याने उत्तर खोटं दिलं.

"आला."

एव्हरिल हसली नाही. "मी उचललाच नाही अजून," ती म्हणाली.

लांबवर विल्फ खोकला.

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"मला उजवीकडे घेतलंस तेव्हा माहीत होतं. आडोसा करतो म्हणालास. आणि मी मूर्ख, गावभर सांगत सुटले, भाऊ असावा तर असा." तिचे दात वाजू लागले होते. "तपासलं म्हणालास ते?"

त्याने मान हलवली.

"डेस, मान हलवू नकोस. मला दिसत नाही. तोंडाने बोल."

"गेलो नव्हतो."

"आईचं बघितलंस. माझं बघितलंस. बर्नडेटला तू दर आठवड्याला भेटतोस, तिच्या बाकावर माणसं नेऊन बसवतोस. आणि त्या बसमधून नेतोस! काठ्या घेतलेली माणसं बसमध्ये, आणि पुढे तू!"

"तू गारठतेयस," तो म्हणाला. "कयाक धर. झालं एवढं पुरे. लोक पैसे देतीलच, कोण विचारतंय नियम—"

"मी विचारतेय." ती हातभर मागे सरकली. "धरणार नाही. आणि तू काठी पुढे केलीस तर बुडी मारेन."

"मग काय करू? मी तुला असं पुढे नेऊ शकत नाही."

"हे मात्र खरं बोललास." तिने श्वास घेतला. "वायरलेसवर सांग. मला दुसरे डोळे पाहिजेत. विल्फ पुढे चालू दे, मी त्याच्या इंजिनामागे जाते. पण का, ते तू सांगायचं."

वायरलेस डेसच्या छातीवर पिशवीत होता. आज सकाळी तसाच एक धक्क्यावर लागलेला होता, किनाऱ्यावरच्या टेहळणीच्या खोलीत एक लागलेला होता, पेनी कोव्हवर एक बर्नडेटच्या कमरेला होता. शिवाय स्कारविकमध्ये निम्म्या स्वयंपाकघरांत तो रविवारी लावून ठेवतात, कोण किती शेवंडं घेऊन येतंय ते ऐकायला. त्यावर बोललेलं दुपारपर्यंत गावात कुणाला सांगावं लागत नाही.

"विल्फला हाक मारतो. तो इथेच आहे."

"विल्फला नाही. सगळ्यांना."

"एव्ही, माझी बस जाईल."

"जाईल," ती म्हणाली.

डेसने कड्याकडे पाहिलं. मघाशी जवळ आलेला पांढरा खांब पुन्हा मनोऱ्यापासून दूर गेला होता. ते बोलत होते तेवढ्यात पाण्याने त्यांना मागे आणि बाहेर नेलं होतं. काचेसारख्या पाण्यावर आता बारीक सुरकुत्या उठत होत्या, सगळ्या एकाच दिशेने.

त्याने पिशवी उघडली. बटण दाबलं.

"कयाकवरून डेस रडक." घसा साफ केला. "एव्हरिल ठीक आहे. विल्फची बोट अंगावर आली होती. ती मला दिसली नाही. मला... मला डावीकडचं दिसत नाही. बरेच दिवस झाले. विल्फने पुढे राहून वाट दाखवावी. मी मागे राहतो."

बटण सोडलं. वायरलेस खरखरला आणि शांत झाला. एरवी अशा शांततेत कुणी ना कुणी विनोद करतं. कुणी केला नाही.

मग बर्नडेटचा आवाज आला, रोजच्यासारखा, बाकावर शेजारी बसून बोलावं तसा. "पेनी कोव्ह. ऐकलं, डेस. उद्या सकाळी दवाखान्यात ये. बसने ये. चालवून नाही, बसून."

त्याने वायरलेस परत पिशवीत ठेवला.

"काय म्हणाली?" एव्हरिलने विचारलं.

"ऐकलं म्हणाली."

"मीही ऐकलं. जाशील?"

विल्फचं इंजिन सुरू झालं. कोबल वळसा घेऊन पुढे आली. या वेळी विल्फ सुकाणूपाशी ताठ उभा होता आणि मोठ्याने बोलत होता, पाळीव घोड्याशी बोलावं तसं. "चल बाई, ये माझ्या मागे. एकवर घे. ओढ तिरकी आहे, तिरकंच कापायचं. असं. शाब्बास. माझ्या पोराला तू पोहायला शिकवलंस, तेव्हा त्याला काय म्हणायचीस? पाय! पाय मार!"

एव्हरिलने तोंड पाण्यात घातलं. चार हात मारल्यावर तिने सवयीने डावीकडे श्वास घेतला, मग थांबली आणि बाजू बदलली. आता ती उजवीकडे श्वास घेत होती.

डेस मागे राहिला. नारिंगी टोपी बरोबर त्याच्या नाकासमोर होती. समोरचं त्याला अजून लख्ख दिसत होतं. त्याने लांब काठी मांडीवर आडवी घेतली. तिने बुडी मारायची धमकी दिली होती. तरीही वेळ आली तर काठी पुढे करायची की नाही, हे आता त्यालाच ठरवायचं होतं, आणि त्यासाठी टोपीवरून नजर हलवून चालणार नव्हतं.

हळूहळू खांब मनोऱ्याकडे सरकला. मग रेषेत आला. मनोरा खांबाआड गेला. ते टोकासमोर होते.

इथे ओढ सगळ्यांत जोराची होती. विल्फने इंजिन वाढवलं, मग ती मागे पडतेय हे पाहून कमी केलं. एव्हरिलचे हात आखूड पडू लागले होते. ती पोहत होती, पाणी कापत होती, आणि जिथे होती तिथेच होती.

"अजून थोडं!" विल्फ ओरडला. "डेस, मनोरा निघाला का बाहेर? मला इथून वळून बघता येत नाही. तू सांग!"

डेसने क्षणभर मान उचलून कड्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

कड्याच्या पलीकडून घंटा ऐकू आली. एव्हरिल वळसा घालून दिसल्याशिवाय ती वाजवायची नव्हती, पण बर्नडेटने थांबायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. नाद वाऱ्यावर यायचा आणि जायचा. एव्हरिलने एकदा डोकं वर काढलं, त्या दिशेला कान दिला आणि पुन्हा खाली घातलं.

टेहळणीच्या खोलीतून आठ वाजता विचारणा झाली, तेव्हा डेसने कळवलं की पोहणारी टोकासमोर आहे, पोहते आहे, होडीला हात लागलेला नाही. मनोरा अजून खांबाच्या आडच आहे.